आकाशांतील यजमान

बुलढाणा जिल्ह्यांतील मोताळा तालुक्यांत धामणगांव बढे म्हणून आमचें गांव आहे. ह्या गांवाचा आणि विमानाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज येईल. आमच्या लहानपणीं तो संबंध एवढाच होता कीं, माथ्यावरून विमान गेलें म्हणजे अंगणांतलीं मुलें हात वर करून ओरडत, आणि माजघरांतून आजी विचारी, "कोठें चाललें रे तें?" आज तो संबंध बराच निकटचा झाला आहे. येथल्या आणि आसपासच्या गांवांतील कितीएक घरचीं मुलें पुण्यामुंबईस शिकून परदेशीं गेलीं, त्यांचे संसार तिकडेच थाटले गेले. आणि ज्यांनीं मलकापूरच्या स्टेशनापलीकडे एकटीनें कधीं प्रवास केला नव्हता, अशा घरच्या वडील बायका लेकीसुनांच्या बाळंतपणासाठीं साता समुद्रांपलीकडे जाऊं लागल्या. म्हणून विमानांत आपल्या माणसांशीं कोण कसें वागतें, हा आतां केवळ श्रीमंतांच्या चैनीचा प्रश्न राहिलेला नाहीं. तो आपल्या माजघराचा प्रश्न झाला आहे.

२०२३ सालच्या वैशाखांत आमच्या काकू अशाच अमेरिकेस गेल्या. वय सत्तरीच्या घरांतलें. इंग्रजी मुळींच येत नाहीं, आणि हिंदी स्टेशनावरच्या हमालाशीं बोलण्यापुरती. बरोबर डिंक, अळीव, सुंठ आणि जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं. एस. टी. नें मलकापूर, तेथून रात्रीच्या गाडीनें मुंबई, आणि विमानतळावर चाकांची खुर्ची अगोदरच सांगून ठेवलेली, अशी सर्व व्यवस्था आम्हीं घरच्या मंडळींनीं चोख केली होती. विमानाच्या दारापर्यंत कोठेंही कांहीं कमी पडलें नाहीं. दाराच्या आंत काय घडलें तें मात्र आम्हांस सहा महिन्यांनीं कळलें. तिकडे पोंचल्यावर काकूंनीं फोनवर "प्रवास छान झाला हो," एवढेंच सांगितलें. आणि घरच्या बायकांची दुखणीं झांकण्याची रीत पुरती ठाऊक असूनही आम्हीं त्यावर विश्वास ठेवला.

घडलें तें असें. मुंबईहून आखातापर्यंतचे तीन तास बरे गेले. तेथें विमान बदलून पुढचा चौदा तासांचा पल्ला सुरू झाला, आणि काकूंना तहान लागली. शेजारून जाणाऱ्या परिचारिकेस त्यांनीं "बाई, पाणी मिळेल का?" असें मराठींतच विचारलें. तिनें न थांबतां इंग्रजींत कांहींतरी सांगितलें आणि बोटानें काकूंच्या डोक्यावरच्या फळीकडे दाखविलें. तेथें बोलावण्याचें बटण होतें. पण बटणें होतीं चारपांच, आणि काकूंनीं दाबलें तें दिव्याचें. लख्ख उजेड पडला, शेजारीं निजलेला गृहस्थ दचकून जागा झाला, आणि परिचारिकेनें मागें फिरून, कपाळाला आठी घालून, तो दिवा बंद केला. पाणी आणावयाचें ती कामाच्या गर्दींत विसरली असावी. प्रसंग एवढाच, अर्ध्या मिनिटाचाही नसेल. परंतु त्या आठीनंतर विमान उतरेपर्यंत काकूंनीं एकाही बटणाला हात लावला नाहीं.

शाकाहारी जेवण आगाऊ मागविलेलें होतें. ताट आलें तेव्हां काकूंनीं "व्हेज?" असें विचारलें, वाढणाऱ्यानें त्यांच्याकडे न पाहतांच मान हलविली. न पाहतां दिलेल्या होकारावर त्यांचा विश्वास बसेना. फळांच्या चार फोडी खाऊन बाकीचें ताट त्यांनीं तसेंच झांकून ठेविलें. संडासाचें दार घडीचें. तें कसें उघडावें हें समजेना, आणि विचारावें तर पुन्हां ती आठी. तेव्हां पाणीच प्यावयाचें नाहीं, म्हणजे उठावयासच नको, असा तोडगा त्यांनीं काढला. उतरल्या तेव्हां दोनही पाय पोटऱ्यांपर्यंत सुजले होते. डाव्या पायाची कळ थांबेना म्हणून आठवा महिना लागलेली लेक स्वतः मोटार हांकीत त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. सुदैवानें रक्ताची गांठ झालेली नव्हती, विश्रांतीवर भागलें. "लेकीचं करायला गेले, आणि पहिला आठवडा लेकच माझे पाय उशीवर ठेवीत बसली," असें काकू पुढें आम्हांस सांगत होत्या, तेव्हां त्या हंसत होत्या. आम्हांस हंसूं आलें नाहीं.

ह्यांत काकूंचा भिडस्तपणा नव्हता काय? होता. त्या परिचारिकेनें मुद्दाम कांहीं वाईट केलें काय? तसेंही म्हणवत नाहीं. रात्रीची पाळी, शेंकडों माणसें, निरनिराळ्या भाषा. तिच्या कपाळावरची ती आठी काकूंसाठीं नसून आपल्याच दुखऱ्या टांचांसाठीं असेल. पण प्रवाशाच्या वाट्याला कारणें येत नाहींत, आठी येते. विमानांत बसलेल्या माणसास यंत्राची पारख नसते. वैमानिक त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. कंपनीचे मालक कोण हें त्यास ठाऊक नसतें. बाहेर अंधार, खालीं समुद्र, आणि सुटका करून घ्यावी म्हटलें तर मधें उतरण्याचें एकही स्टेशन नाहीं. अशा ठिकाणीं त्याला दिसणारा एकच मनुष्याचा चेहरा म्हणजे विमानांतील सेवकवर्गाचा. त्या चेहऱ्यावर जें असेल तोच त्याचा प्रवास. कोट्यवधि रुपयांचें विमान, मऊ आसनें, पुढ्यांतला चित्रपट, हें सर्व असूनही काकूंच्या लेखीं तो प्रवास म्हणजे एक आठी आणि न मिळालेलें भांडेंभर पाणी.

ह्या भांडेंभर पाण्याची किंमत आपण समजतों त्याहून अधिक आहे. विमान पस्तीस ते चाळीस हजार फुटांवरून जात असतें. आंतील हवेचा दाब मात्र सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका राखलेला असतो. म्हणजे मसुरीसारख्या ठिकाणीं, किंवा त्याहूनही वर, तासन्‌तास बसून राहिल्यासारखें झालें. हवेंतील ओलावा बहुधा शेंकडा वीसच्याही खालीं असतो. वैशाखांतल्या वऱ्हाडी दुपारीं जशी हवा कोरडी असते तशीच ती. केवळ ऊन लागत नाहीं म्हणून ती जाणवत नाहीं इतकेंच. त्यांत पाय लोंबते ठेवून न हलतां बसणें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास, मग तो विमानाचा असो कीं मोटारीचा वा आगगाडीचा, पायाच्या शिरेंत रक्ताची गांठ होण्याचा धोका सुमारें दुपटीनें वाढतो. एकंदरींत तो धोका थोडाच असतो, हें खरें. पण वय झालेल्या माणसांनीं वेळोवेळीं पाणी पिणें आणि दोन पावलें चालणें हेंच त्यावरील सोपें औषध आहे. हें औषध विमानांत कोणाच्या हातीं असतें? ज्यांच्याकडे मागण्याची काकूंना भीति वाटली त्यांच्याच.

ह्या कामाचा आरंभच मुळीं परिचर्येंतून झालेला आहे. एलन चर्च नांवाची एक अमेरिकन तरुणी होती. तिला विमान चालवितां येत असे. परंतु स्त्रीला वैमानिक म्हणून घेण्यास कंपनी तयार होईना. शिक्षणानें ती रुग्णपरिचारिका होती. तेव्हां, विमानाला भिणाऱ्या प्रवाशांना धीर देण्यासाठीं परिचारिकाच कां नेमूं नयेत, असा विचार तिनें कंपनीपुढें मांडला, आणि १५ मे १९३० रोजीं कॅलिफोर्नियांतून शिकागोकडे निघालेल्या विमानांत ती स्वतः ह्या कामावर रुजू झाली. आरंभीं निवडलेल्या आठही जणी शिकलेल्या परिचारिका होत्या. प्रवाशाला भय वाटतें, आणि त्या भयावर उपचार करावयाचा असतो, हें ह्या व्यवसायाचें मूळ आहे. चहाचे पेले आणि रंगीत पोशाख मागाहून आले.

आपल्याकडील गोष्ट घ्यावी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून लहानसें विमान घेऊन मुंबईस जुहूला उतरले, तेव्हां त्यांत टपालाच्या थैल्या होत्या. आतिथ्य करावें असें कोणी नव्हतें. पुढें १९४६ सालीं त्या कंपनीस 'एअर इंडिया' हें नांव मिळालें, आणि त्याच वर्षीं बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव ह्यांच्या कल्पनेंतून तिचा सुप्रसिद्ध 'महाराजा' जन्मास आला. ह्या चित्राकडे लक्ष देऊन पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. फेटा राजाचा, मिशा राजाच्या. पण देह लवलेला आहे. अतिथीपुढें राजानेंही लवावें, आणि तसें लवल्यानें त्याचें राजेपण उणें होत नाहीं, हेंच त्यांत सांगितलेलें आहे.

आणखी एका योगायोगाचें आम्हांस कौतुक वाटतें. १ जून १९४८ रोजीं त्या वेळच्या अहमदनगराहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगराहून, पुण्यास पहिली एस. टी. निघाली, आणि त्यानंतर बरोबर आठवड्यानें, ८ जून १९४८ रोजीं, 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें एअर इंडियाचें विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. एक वाहन खेडुताचें आणि दुसरें राजेमहाराजांचें. पण दोहोंचा पाळणा एकाच आठवड्यांत हालला. आणि आज काकूंसारखी बाई एकाच प्रवासांत एकींतून उतरून दुसऱ्यांत चढते. तेव्हां दोहोंची तुलना करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. आमच्या बाजूचा चांगला कंडक्टर काय करतो? म्हातारें माणूस पायरी चढून बसल्याशिवाय तो डबल बेल देत नाहीं. तिकिटाचे उरलेले पैसे देतांना "आजी, मोजून घ्या," म्हणतो. कोठें उतरावयाचें हें एकदां ऐकलें कीं तें गांव येण्यापूर्वी स्वतः हांक मारतो. त्याच्या गाडींतील आसन फाटकें असतें, खिडकीची कांच खडखडत असते, तरी घरीं पोंचल्यावर काकू म्हणतात, "कंडक्टर भला होता." गाडी कशी होती हें त्या सांगतही नाहींत.

जे. आर. डी. टाटांना हें मर्म कळलें होतें. १९५३ सालीं विमानकंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें, तरी एअर इंडियाचें अध्यक्षपद १९७८ पर्यंत त्यांच्याकडेच होतें. स्वतः प्रवासी म्हणून बसलें असतांही ते टिपणें करीत, आणि त्यांत चहाच्या रंगासारख्या बारीकसारीक गोष्टींचीही नोंद असे. एवढ्या मोठ्या उद्योगपतीनें चहाचा रंग पाहात बसावें काय, असें कोणास वाटेल. पण ज्या घरीं यजमान स्वतः पानांवरून नजर फिरवितो त्याच घरीं पंगतींतल्या शेवटच्या पानावर मीठ वाढलेलें असतें. यजमानच ओसरीवर लोडाला टेकून बसला, तर वाढप्यांनीं तरी कां धांवावें?

येथेंच ह्या प्रश्नाची दुसरी बाजू येते. सेवकवर्गाची वृत्ति गोड असावी अशी अपेक्षा आपण करतों. पण त्या सेवकवर्गाशीं कोण कसें वागतें हें आपण विचारतों काय? आपल्या भाषेंतला 'हवाई सुंदरी' हा शब्दच पाहावा. रुग्णाची शुश्रूषा करणारीस आपण परिचारिका म्हणतों, शिकविणारीस शिक्षिका म्हणतों; आणि शेंकडों जीवांची काळजी वाहणारीस मात्र तिच्या रूपावरून ओळखतों. हा दोष केवळ शब्दाचा नव्हता. एअर इंडियांत एके काळीं विमानपरिचारिकेला पस्तिसाव्या वर्षीं निवृत्त व्हावें लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केला तर नोकरी जाई. आणि पहिल्यांदा दिवस राहिले तरीही ती जाई. पस्तिशीनंतर मुदत वाढवून देणें सर्वस्वी वरिष्ठांच्या मर्जीवर होतें. नर्गेश मिर्झा प्रभृति परिचारिकांनीं ह्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हां १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गर्भारपणाबद्दलचा तो नियम आणि ही मर्जीची सत्ता रद्द ठरविली. विवाहाची अट मात्र कायम ठेविली. विचार करावा, कीं लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बायकांना त्या काळीं ज्या मुलींनीं हात धरून आसनावर बसविलें असेल, त्यांचें स्वतःचें आईपण हा नोकरीवरून काढून टाकण्याजोगा अपराध मानला जात होता! ममतेची मागणी करावयाची आणि मातृत्वाची शिक्षा द्यावयाची, हा व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि आपणांपैकीं फार थोड्यांनीं त्याविषयीं अवाक्षर काढलें.

आर्ली हॉकशील्ड ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत विमानपरिचारिकांच्या कामाचा बारकाईनें विचार केला आहे. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हमाल जसा अंगमेहनत विकतो, तशी ह्या कामांतील मनुष्यास मनाची मेहनत विकावी लागते. मनांत नसतां हंसावें लागतें, राग आला असतां गिळावा लागतो, आणि त्या हंसण्यावर कंपनीचा हिशेब चालतो. आमच्या वाचकभगिनींना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. भरल्या घरांत, पाहुण्यांसमोर, डोकें दुखत असतां हंसतमुखानें वाढणारी सून ही मेहनत पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेली आहे. तिला पगार नव्हता एवढाच काय तो भेद. म्हणून आमचें मत असें कीं, परिचारिकेकडून आपण हसूं मागूं नये, लक्ष मागावें. हसूं उसनें आणतां येतें, लक्ष आणतां येत नाहीं. काकूंना हसूं नकोच होतें. मान वळवून कोणी दोन क्षण पाहिलें असतें, तरी त्यांची तहान भागली असती.

हें लक्ष केवळ सुखासाठीं असतें असेंही नव्हे. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें मोठ्या विमानांत साधारणपणें दर पन्नास आसनांमागें एक तरी परिचारक असावाच लागतो. आणि तो चहा देण्यासाठीं नव्हे, तर संकटकाळीं माणसें बाहेर काढण्यासाठीं असतो. मोठ्या विमानास मान्यता देण्यापूर्वीं, निम्मीं दारें बंद ठेवून, भरलेलें विमान नव्वद सेकंदांत रिकामें होऊं शकतें हें सिद्ध करून दाखवावें लागतें. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघालेलें 'पॅन अॅम' कंपनीचें विमान कराचीस अतिरेक्यांनीं ताब्यांत घेतलें, तेव्हां मुंबईची नीरजा भनोट त्यांत सेवकवर्गाची प्रमुख होती. तिनें वैमानिकांना वेळींच सावध केलें. अमेरिकन प्रवासी ओळखूं येऊं नयेत म्हणून तिनें आणि तिच्या सोबत्यांनीं त्यांचीं पारपत्रें लपविलीं. आणि शेवटीं गोळीबार सुरू झाला असतां दार उघडून प्रवाशांना बाहेर काढीत असतांना ती गोळीला बळी पडली. तिला तेविसावें वर्ष पुरें होण्यास दोन दिवस उरले होते. भारत सरकारनें तिला मरणोत्तर अशोकचक्र दिलें. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरत असलेलें जपान एअरलाइन्सचें विमान तटरक्षक दलाच्या एका विमानावर आदळून पेटलें. त्या लहान विमानांतील सहांपैकीं पांच जण प्राणांस मुकले. मोठ्या विमानांत प्रवासी आणि सेवकवर्ग मिळून ३७९ माणसें होतीं. ध्वनिक्षेपक बंद पडला. आठ दारांपैकीं तीनच वापरतां येण्याजोगीं राहिलीं. आंत धूर भरूं लागला. परिचारकांनीं कर्णे हातीं घेऊन, ओरडून सूचना दिल्या. प्रवाशांनीं आपापलें सामान जागींच सोडलें. आणि सगळीं ३७९ माणसें जिवंत बाहेर आलीं. पुढें तें विमान जळून खाक झालें. येथें शिक्षणाचा आणि सरावाचा भाग मोठा आहेच. परंतु धुरांत कोणी ओरडून सांगितलें असतां माणूस ऐकतो केव्हां? सांगणारा आपल्यासाठीं सांगतो आहे असा विश्वास असेल तेव्हां. तो विश्वास धूर झाल्यावर निर्माण करतां येत नाहीं. तो आधींच, पाण्याच्या पेल्याबरोबर, हातांत द्यावा लागतो. आमच्या काकूंच्या विमानांत तसा प्रसंग ओढवला असता, तर त्यांनीं त्या परिचारिकेला प्रश्न विचारण्याचें धैर्य केलें असतें काय, ह्या विचारानें अजूनही आमच्या मनांत चर्र होतें.

कार्तिकांत काकू परत यावयास निघाल्या. सहा महिने झाले होते, नातू बसूं लागला होता. पण काकूंचें सगळें लक्ष परतीच्या चौदा तासांकडे लागलें होतें. ह्या खेपेस त्यांनीं घरून निघतांनाच पाणी प्यावयाचें सोडलें. विमानांत आसनावर बसून त्यांनीं पदर सावरला आणि सवयीनें समोरून येणाऱ्या परिचारिकेला हात जोडले. ती बाई प्रौढ होती. कोणत्या देशाची हें काकूंना सांगतां आलें नाहीं, आणि मराठी वा हिंदी तिला येत नव्हतें. परंतु जोडलेले हात पाहून ती थांबली, आणि गुडघे टेकून खालीं बसली. काकू सांगतात, "माझ्या डोळ्यांच्या रेषेत आली ती. वरून नाही बोलली." तिनें स्वतःच्या हातानें बोलावण्याचें बटण दाबून दाखविलें, मग स्वतःकडे बोट केलें: हें दाबलें कीं मी येईन. पाण्याची खूण केली. पोटाची खूण करून ताटावरचा हिरवा कागद दाखविला. थोड्या वेळानें येऊन काकूंना हाताला धरून संडासापर्यंत नेलें, दार मधोमध दाबलें म्हणजे कसें दुमडतें तें दोनदां करून दाखविलें, आणि बाहेर उभी राहिली. पुढें दर दोनअडीच तासांनीं ती पाणी घेऊन येई आणि बोटांनीं चालण्याची खूण करी. काकू उठून मागच्या पडद्यापर्यंत जाऊन येत. चौदा तासांत दोघींमध्यें शब्द असा एकही झाला नाहीं. उतरतांना काकूंनीं तिच्या गालांवरून हात फिरविला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटें मोडून तिची दृष्ट काढली. तिला त्याचा अर्थ कळला नसेल. पण ती तशीच दारांत उभी राहून काकू दिसेनाशा होईपर्यंत पाहात होती. ह्या दुसऱ्या प्रवासाची गोष्ट सांगतांना पहिल्याची ओघानें निघाली, म्हणून ती आम्हांस कळली. एरव्हीं ती काकूंच्या पोटांतच राहिली असती.

दोन्ही विमानांतील आसनें सारखींच, हवा सारखीच कोरडी, तास तितकेच. फरक दोन मनुष्यांच्या वृत्तीचा. म्हणून कंपन्यांनीं माणसें निवडतांना आणि शिकवितांना ह्याच गोष्टीस अधिक महत्त्व द्यावें, त्यांना पुरेशी झोंप आणि योग्य मान मिळेल असें करावें, हें तर आम्ही म्हणतोंच. पण आपल्या हातीं जें आहे तें आपण आधीं करावें. वडील माणसांना एकटें पाठवितांना चाकांची खुर्ची आणि शाकाहारी जेवण हीं तिकीट काढतांनाच सांगावीं, आणि निघण्याच्या आधीं एकदां खात्री करून घ्यावी. एका जाड कागदावर एका बाजूस मराठींत आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजींत चारपांच वाक्यें लिहून द्यावीं: मला पाणी हवें आहे, मी मांस, मासे, अंडीं खात नाहीं, मला संडासाला जावयाचें आहे, माझें औषध ह्या पिशवींत आहे. वाक्यावर बोट ठेवलें कीं काम होतें. भाषेची लाज वाटत नाहीं. आसनावर बसतांच परिचारिकेशीं नजर मिळवून नमस्कार करावा. कोणी आपल्याला पाहून ठेविलें आहे एवढ्यानेंही धीर येतो.

आणि जे आपण शिकलेसवरलेले, बटणें ओळखणारे प्रवासी, त्यांनीं आपल्या वर्तनाकडेही पाहावें. चुटकी वाजवून बोलावणें, 'ए' म्हणून हांक मारणें, पट्टा सोडण्याची सूचना होण्यापूर्वीं उठून पेट्या ओढूं लागणें, लहान मुलाचें मळकें दुपटें जेवण वाढणाऱ्या हातांत कोंबणें, हें आपल्यांतीलच पुष्कळ जण करतात. मागच्या प्रवाशानें चुटकी वाजविली तर तिची आठी पुढच्या काकूंच्या वाट्याला येते. शेजारीं बसलेली म्हातारी बाई पाण्यासाठीं अडली आहे, हें त्या निजलेल्या गृहस्थालाही दिव्याच्या उजेडांत दिसलें असेलच. त्यानें बटण दाबून दिलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

गेल्या महिन्यांत आमच्या आळींतील पाटलांच्या घरच्या वहिनी लेकाकडे जावयास निघाल्या. त्यांचाही हा पहिलाच विमानप्रवास. आदल्या दिवशीं दुपारीं काकूंनीं त्यांना ओसरीवर बसविलें, नातवंडाच्या वहीचा पुठ्ठा घेऊन त्यावर पेन्सिलीनें बटणें काढलीं, आणि तो पुठ्ठा त्यांच्या डोक्यावर धरून त्या सांगत होत्या, "हा दिवा, ह्याला हात लावू नको. ज्याच्यावर माणसाचं चित्र आहे, ते दाबजो. लाजू नको. एकदा दाबून कोणी नाही आलं, तर पुन्हा दाबजो."